टोबसच्या पुलावरचा अडसर

१

ठराव अकरा मतांनी पडला. सभापतींनी हातोडा आपटून जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि नेमकं तेव्हाच, सभा भरली होती त्या शाळेच्या व्यायामशाळेचं दार उघडलं.

दारात टेलेस्फोर थिबोडो उभा होता. ऐंशीच्या घरातला म्हातारा, टोबस नदीच्या पलीकडच्या काठावर राहणारा. गुडघ्यापर्यंत चिखलानं बरबटला होता आणि त्याला धाप लागली होती. त्यानं आधी माणसांकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे.

"पूल कुणी बंद केला?"

जेवायला उठलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"कानात बोळे घातलेत का सगळ्यांनी? पूल कुणी बंद केला, म्हणतो मी! आमची तीस-चाळीस माणसं गाड्या काढून आली, आडवी फळी बघून कुणी परत फिरलं, कुणी तिथंच खोळंबलंय. मी एकटा चालत आलोय. मत द्यायला."

"मतदान झालं, टेलेस्फोर," सभापती चाचरत म्हणाले. "आम्हाला वाटलं, चिखलामुळे कुणी आलं नाही."

खुर्च्या करकरल्या. बीन्सच्या पातेल्यांपाशी उभ्या असलेल्या बायकांमधून मार्सेलीन ऊलेट पुढे आली. हातातला डाव तिनं तलवारीसारखा धरला होता, आणि रोखला होता तो व्यासपीठावर पाय लांब करून बसलेल्या एल्डन हॅस्कलवर.

"शाबास, एल्डन! समोर उभं राहून जमलं नाही, म्हणून वाटच अडवलीस?"

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या स्टिकनी गावात त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, तीन निवडून आलेले पंच कारभार बघायचे. कर बसवणं, रस्ते, पूल, बर्फ काढणं, सगळं त्यांच्या हाती. एल्डन हॅस्कल वीस वर्षं मुख्य पंच होता. पलीकडच्यांचं गाऱ्हाणं एकच: बर्फ पडलं की आमचा रस्ता सगळ्यांत शेवटी मोकळा होतो आणि पुलाला रंगसुद्धा लागत नाही. विधवा मार्सेलीन पलीकडच्या पोरांची शाळेची बस चालवायची. तिनं हिवाळाभर दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. गव्हर्नरच्या गेल्या निवडणुकीत गावात जितकी मतं पडली, त्याच्या दहाव्या हिश्शाइतक्या सह्या झाल्या की पंचांना तो विषय गावसभेपुढे आणावाच लागतो; आवडो वा न आवडो. मागणी अशी होती की पंचांनी धोरण ठरवावं, पण रोजचा कारभार पुढच्या मार्चपासून शिकलेल्या, पगारी कारभाऱ्याच्या हाती द्यावा. त्याला खुर्ची जाण्याचं भय नाही आणि तो कुणाचा भाचा-पुतण्या नाही.

आणि आज तो ठराव पडला होता.

एल्डन जड अंगानं उठला. लाकूडतोडीत ओंडका पडून त्याचा उजवा गुडघा कायमचा गेला होता. "मला या फळीची काहीही कल्पना नाही," तो म्हणाला. "कुणीतरी पाजी चेष्टा केलीय. मी जातो आणि आत्ता पूल मोकळा करतो." कुणाचं उत्तर न ऐकता तो लंगडत निघाला.

दारापाशी उभ्या असलेल्या थर्झा पेलकीनं वाढून घेतलेली बशी खाली ठेवली. ती गावची कॉन्स्टेबल होती. काम काय, तर सभेची नोटीस डकवायची आणि भटकी कुत्री पकडायची. पण त्याआधीचं सगळं आयुष्य तिनं एका विमा कंपनीत घालवलं होतं. जळालेले गोठे आणि बुडालेल्या बोटी तपासता तपासता तिला एक खोड लागली होती: माणूस रागावून बोलू लागला की ती त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायची.

दारातून बाहेर पडताना एल्डनच्या हातातून गाडीच्या किल्ल्या दोनदा निसटल्या.

२

थर्झा पुलापाशी पोचली तेव्हा एल्डनची पिकअप गाडी अलीकडच्या तोंडाशी, वेंडेल पिंकमच्या दुकानासमोर उभी होती. मागच्या हौद्यात फळी टेकवायची, पट्टे मारलेली दोन लाकडी घोडी आणि 'पूल बंद' लिहिलेली फळी पडली होती. एल्डन पलीकडून पुलावरून चालत येत होता. कपाळावर घाम, हातात लाल काचेचा एक कंदील.

"झालं मोकळं!" तो ओरडला. "पलीकडची फळी कडेला ढकलून आलो."

खाली टोबसचा बर्फ फुटायला लागला होता. मोठमोठे तुकडे एकमेकांवर आदळत, खांबांना ढुश्या देत चालले होते. पलीकडे थांबलेल्यांपैकी एक गाडी पुलावर चढली. फळ्या खडखडल्या. एल्डन मुठी आवळून त्या गाडीकडे बघत राहिला आणि ती अलीकडे उतरल्यावरच त्याचा श्वास सुटला. फारच लागलंय याच्या जिवाला, थर्झाच्या मनात आलं.

तो गेल्यावर ती दुकानात शिरली. वेंडेल दोन्ही काठांना तंबाखू विकायचा, म्हणून कुठल्याच काठाच्या बाजूनं मत द्यायचा नाही. सभेलाही जायचा नाही.

"फळी कधी पाहिलीस?"

"सकाळी दुकान उघडलं तेव्हा होतीच. रात्रीच लावली असणार, कंदील पेटते होते."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? फळी गावची, पूल गावचा. म्हटलं, एल्डनला माहीत असेल. उगाच कशाला नाक खुपसा."

"या बाजूलाही होती?"

"दोन्ही बाजूंना होती की."

थर्झा थबकली. बाहेर येऊन तिनं अलीकडच्या कठड्याला टांगलेला दुसरा कंदील उचलला. काच अजून कोमट होती. तेवढ्यात टेलेस्फोर कुणाच्या तरी गाडीतून उतरला आणि घरच्या वाटेला लागला.

"तू फळी ओलांडून कसा आलास?" तिनं विचारलं. "या वयात उडी मारलीस?"

"उडी कसली! कडेला माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. तिरका झालो की आत. आमच्या लोकांना सांगत होतो, चला रे चालत. पण पोरंबाळं घेऊन शाळेपर्यंत चालतंय कोण! दोघं लांबचा वळसा घेऊन कड्याच्या रस्त्यानं निघाले, ते चिखलात रुतले."

तो गेला. थर्झा कंदील हातात घेऊन उभी राहिली. पलीकडच्यांना मतदानापासून रोखायचं तर पलीकडच्या तोंडाशी एक फळी पुरे होती. अलीकडून पलीकडे मत द्यायला कोण जाणार होतं? आणि सकाळच्या सभेसाठी रात्रीचा कंदील कशाला?

ज्यानं कुणी हे केलं होतं, त्यानं नको इतकी काळजी घेतली होती.

३

शाळेच्या स्वयंपाकघरात मार्सेलीन एकटीच करपलेलं पातेलं घासत होती.

"ये, ये, सरकारी पाहुणे आले," ती वर न बघता म्हणाली. "कुत्रं सापडलं की नाही?"

"शोधतेय."

"लांब कशाला जातेस? तुला कॉन्स्टेबल नेमलं त्याच्याच ओसरीवर बसलेलं असेल."

थर्झानं स्टूल ओढलं. "मार्सेलीन, पलीकडच्यांपैकी तू तेवढी काल संध्याकाळपासून या काठावर होतीस."

घासणं थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे एवढंच विचारतेय."

"बीन्स रात्रभर भट्टीत ठेवावे लागतात, बाई. माझ्या बहिणीकडे झोपले होते मी, जा विचार तिला. स्वतःच्याच माणसांची वाट मी कशाला अडवू?"

"कालपर्यंत तुझी मतं भरत होती का?"

हा बाण बरोबर लागला. मार्सेलीननं ओल्या हातांनी केस मागे सारले. "नव्हती," ती शेवटी म्हणाली. "आमच्यातही कुरकुर होती. पगारी कारभारी म्हणजे कर वाढणार, म्हणत होते. सगळे आले असते तरी ठराव पास झाला असता की नाही, देव जाणे. पण हरायचं तर मोजून हरायचं होतं, थर्झा. असं दाराबाहेर ठेवून नव्हे."

"आता काय करणार?"

"पुन्हा सह्या. विशेष सभा मागणार. पंचांनी नाही बोलावली तर कायद्यानं दुसरीकडून बोलवता येते, मी वाचलंय सगळं. माझी माणसं आज इतकी पेटलीत की कुरकुर करणारेही सही देतील."

म्हणजे या फळीनं मार्सेलीनचं नुकसान तर झालंच नव्हतं, उलट फायदा झाला होता. थर्झा तिच्या डोळ्यांत बघत राहिली. मार्सेलीनला ती नजर कळली आणि तिचा चेहरा कठीण झाला.

"अस्सं! तुलाही तेच वाटतंय तर. ऐक, सोमवारी सकाळी पोरांची बस घेऊन मी त्याच पुलावरून येणार आहे. तेव्हा कुणी आडवं आलं ना, तर ब्रेकवर पाय ठेवणार नाही मी. सांग तुझ्या पंचाला."

४

रविवारी दुपारी थर्झा पुलावरून गाडी घेऊन पलीकडे गेली. फळ्या आणि कंदील गावचे असले तरी ठेवलेले असायचे गेलन ब्रॅकेटच्या छपरात. गेलन पस्तिशीचा, अबोल गडी. बर्फ काढायचं आणि रस्ते-पूल राखायचं कंत्राट दरवर्षी एल्डन त्यालाच द्यायचा. तो पलीकडे राहायचा आणि अलीकडच्यांचा मिंधा होता, म्हणून दोन्हीकडचे त्याला टोमणे मारायचे.

तो ट्रकला पुढे जोडलेल्या, बर्फ ढकलायच्या नांगराखाली आडवा पडून काहीतरी ठोकत होता.

"तुझ्या छपराला कुलूप नसतं का रे?"

"असतं." तो बाहेर आला, पण नजर वर केली नाही. "शुक्रवारी राहिलं असेल उघडं. कुणीही नेलं असेल, पेलकीबाई."

"चार घोडी, दोन फळ्या, दोन कंदील. कंदिलात तेल भरून. नेणारा फारच टापटिपीचा होता म्हणायचा."

गेलन हात पुसत राहिला. थर्झानं त्याच्या ट्रकला फेरी मारली. दरवाजाच्या मुठीपर्यंत पिवळी, चिकट माती चढली होती. अशी माती फक्त कड्याच्या रस्त्याला होती.

"सकाळी कुठे गेला होतास?"

"चर्चला. तुमच्या काठावर."

"पुलापासून तर जवळ आहे चर्च."

"हो." त्यानं तिच्या गाडीकडे पाहिलं. "बाई, तुम्ही आत्ता... गाडीनं आलात?"

"मग काय होडीनं येऊ?"

ती हसली. गेलन हसला नाही. उलट तो पुन्हा नांगराखाली शिरला. कितीही विचारलं तरी मग एकच उत्तर यायला लागलं: "मला माहीत नाही."

तिथून ती एल्डनकडे गेली. त्यानं स्वतः कॉफी ओतून दिली. थर्झाचा नवरा वारल्यापासून हा माणूस प्रत्येक बर्फानंतर न सांगता तिचं अंगण साफ करून जायचा. त्याच्यावर संशय घेणं तिला जड जात होतं, म्हणूनच ती अधिक कडक आवाजात बोलली.

"गेलननं तुझ्या सांगण्यावरून फळी लावली का?"

"थर्झा! माझ्या सांगण्यावरून? मी तर..." त्यानं कप आपटला. "उलट बघ की. ही करणी मार्सेलीनची. हरणार हे तिला कळलं होतं. फळी लावायची, बोंब मारायची, आळ माझ्यावर. आता गावभर सहानुभूती कुणाला? तिलाच ना?"

"हे माझ्याही मनात आलं होतं."

"मग झालं तर! दोन आठवड्यांत लोक विसरतील सगळं. आणि मला पुलाची काळजी नाही असं म्हणायला नको, म्हणून एप्रिलात राज्याचा इंजिनियर आणून पूल तपासूनच घेणार आहे मी."

थर्झानं कॉफी संपवली. वीस वर्षांत एल्डननं कधी पूल तपासायचं नाव काढलं नव्हतं. आजच का आठवलं?

५

संध्याकाळ व्हायच्या आत ती पुन्हा वेंडेलच्या दुकानात आली. तिला खरं तर डोनट हवा होता आणि डोकं चालत नव्हतं.

"काय, सापडला चोर?" वेंडेलनं विचारलं.

"दोघं मिळालेत, आणि दोघंही जुळत नाहीत."

वेंडेल एकदम हसायला लागला. "पण काल मजा आली हं. एल्डन हॅस्कल आणि पायी! अगं, हा माणूस घरापासून टपालपेटीपर्यंत गाडीनं जातो. काल गाडी इथं ठेवली आणि तो मोडका गुडघा घेऊन अख्खा पूल चालत गेला, पलीकडची घोडी एकट्यानं ढकलली आणि चालत परत आला. म्हटलं, याला वैराग्य आलं की काय!"

थर्झाच्या हातातला डोनट कॉफीत पडला.

ती खिडकीशी गेली. कालचा एल्डन तिला स्वतःलाच दिसला होता, पुलावरून घामाघूम चालत येणारा. पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं. मागच्या हौद्यात घोडी टाकल्यावर लंगडा माणूस गाडीत बसून पलीकडे जाईल, की पायी? आणि गेलन, पूल मोकळा असताना, चिखलातून भला मोठा वळसा घालून चर्चला का गेला?

दोन्ही तोंडांना फळ्या. अंधारासाठी कंदील. चालणाऱ्यासाठी फट.

फळी माणसांना अडवायला लावलेली नव्हतीच. ती चाकांना अडवायला होती. भाराला.

"वेंडेल," ती हळू म्हणाली, "आपण सगळे चुकीचा चोर शोधतोय. फळी लावणारा चोर नाही. काढणारा आहे."

तिनं दुकानाच्या फोनवरून राज्याच्या रस्ते खात्याला फोन लावला. रविवार. घंटा वाजत राहिली. मग मार्सेलीनला लावला.

"मार्सेलीन, उद्या बस पुलावरून आणू नकोस. पूल मोडकळीला आलाय. एल्डनला ठाऊक आहे."

फोनवर एक कोरडं हसू ऐकू आलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी ताडलंय."

"वा! शनिवारी पूल बंद, सोमवारी पूल बंद. उद्या कशासाठी अडवताय? आम्ही सह्या गोळा करायला येऊ नये म्हणून? आजच मी तीनदा गेले-आले त्या पुलावरून. एल्डनला म्हणावं, जरा नवीन थाप शोध."

फोन आपटल्याचा आवाज आला.

६

सोमवारी उजाडता उजाडता थर्झानं आपली गाडी पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी आडवी लावली, किल्ली आतच ठेवली आणि ती पायी पुलावर चढली. बस पलीकडून येणार होती. पूल ओलांडण्यावाचून इलाज नव्हता.

पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून काळं पाणी आणि पांढरे तुकडे दिसत होते. बर्फाचा एखादा मोठा तुकडा खांबाला धडकला की कठड्यातून हातापर्यंत हादरा यायचा. मध्यावर आल्यावर तिला पलीकडच्या वळणावर पिवळे दिवे दिसले. ती पळायला लागली.

पलीकडे, रस्त्याच्या कडेला, गेलनचा ट्रक उभा होता. तो आत बसून स्टिअरिंगचं चाक घट्ट धरून समोर बघत होता.

"गेलन! ट्रक आडवा घाल!"

त्यानं मान वळवली. हात चाकावरच राहिले.

"घाल म्हणते ना! मला सगळं कळलंय. तूच लावल्या होत्यास फळ्या. आत्ता आडवा झालास तर चांगलं केलंस म्हणून सांगीन मी जन्मभर. घाल!"

इंजिन गुरगुरलं. ट्रक झटका खाऊन पुढे आला आणि नांगरासकट रस्त्यावर आडवा झाला. बसचे ब्रेक किंचाळले. ब्रेकवर पाय ठेवणार नाही म्हणणारी मार्सेलीन दोन्ही पाय रोवून थांबली होती. ती उतरली ती आग ओकतच.

"मागे पोरं बसलीत माझ्या! वेड लागलंय का तुम्हाला?"

"मोडलाय, मार्सेलीन." गेलन ट्रकमधून उतरला. तो खाली बघूनच बोलत होता, पण बोलत होता. "गेल्या आठवड्यात बर्फ मोकळा करायला खाली उतरलो होतो. मधल्या मोठ्या तुळईचा जोड फाटलाय. हात जाईल एवढी चीर आहे. शुक्रवारी एल्डनला सांगितलं. तो म्हणाला, सभा होऊ दे. आत्ता कळलं तर ठराव पास झालाच समज. तुझं कंत्राटही गेलं समज."

"आणि तू गप्प बसलास?"

"रात्री फळ्या लावल्या. म्हटलं, दिसेल लोकांना, विचारतील, मग एल्डनलाच सांगावं लागेल. मतदानाचं माझ्या डोक्यातच आलं नाही, शपथेनं. आणि त्यानं फळ्या काढल्या तेव्हा... मला तोंड उघडता येईना."

मार्सेलीननं त्याच्याकडे पाहिलं, मग थर्झाकडे. अजून तिचा विश्वास बसत नव्हता. "हा एल्डनचाच माणूस. उद्या म्हणेल, थर्झानं पढवलं. काय पुरावा?"

तेवढ्यात नदीच्या अलीकडून गाडीचा आवाज आला. वेंडेलनं फोन केला असावा. एल्डनची पिकअप थर्झाच्या गाडीमागे थांबली आणि तो उतरून तोंडाभोवती हात धरून ओरडला, "थर्झा! हा काय तमाशा आहे? पूल चांगला आहे! सोड त्यांना!"

थर्झानं मार्सेलीनचा दंड धरला. "हा घे पुरावा," ती म्हणाली आणि ओरडली, "माझ्या गाडीत किल्ली आहे, एल्डन! ती बाजूला घे आणि तुझी घेऊन इकडे ये! तू आलास की बस सोडते!"

बसच्या खिडक्यांना पोरांची नाकं चिकटली होती. एल्डननं थर्झाची गाडी बाजूला घेतली. पिकअपमध्ये बसला. गाडी हळूहळू पुढे आली. पुढची चाकं पहिल्या फळीवर चढली.

आणि थांबली.

"ये की रे!" मार्सेलीन ओरडली. तिचा आवाज चिरला. "चांगला आहे ना पूल? ये! पोरं वाट बघतायत!"

इंजिन चालू होतं. चाकं हलत नव्हती. मग इंजिनही बंद झालं. दार उघडून एल्डन खाली उतरला, कठड्याला टेकला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

मार्सेलीन बसमध्ये चढली आणि तिनं एकेका पोराला उतरवून रस्त्याच्या कडेला उभं केलं. मग रिकामी बस पुलापासून दूर मागे नेली.

७

दुपारी राज्याचा इंजिनियर आला, दोर बांधून पुलाखाली उतरला आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "यावरून गाड्या कुणी जाऊ दिल्या?" एवढंच त्यानं विचारलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही तोंडांना लोखंडी साखळ्या पडल्या.

पुढच्या सह्या गोळा करायला मार्सेलीनला दारोदार फिरावंच लागलं नाही. अलीकडचे लोक आपणहून तिच्या बहिणीकडे येऊन सही करून गेले. विशेष सभेची नोटीस थर्झानं स्वतःच्या हातानं शाळेच्या, टपाल कचेरीच्या आणि वेंडेलच्या दुकानाच्या दारावर ठोकली.

सभा मे महिन्यात भरली. पलीकडचे लोक कड्याच्या रस्त्यानं, मार्सेलीनच्या बसमधून आणि आपापल्या गाड्यांतून, तासाभराचा वळसा घालून आले. जवळजवळ सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. गेलन दाराजवळ उभा होता. काही जण त्याची पाठ थोपटून गेले, काही जण त्याला टाळून गेले. पलीकडच्या एका म्हातारीनं तर त्याला तोंडावर सुनावलं, "फळी लावलीस ते बरं केलंस. पण जीभ कुठे ठेवली होतीस?" त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "भीतीत, आजी."

मतदान झालं. चिठ्ठ्या मोजायला सभापतींना जरा वेळ लागला. ठराव मंजूर झाला, आणि मोठ्या फरकानं झाला. टाळ्या मात्र फारशा पडल्या नाहीत. कुणाला कारभाऱ्याच्या पगाराची धास्ती होती, कुणाला परक्या माणसाची. कोण येईल, कसा निघेल, आणि त्याच्यावर नजर कोण ठेवील, अशी कुजबुज लगेच सुरू झाली.

एल्डनही आला होता. मागच्या रांगेत बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर कोणी बसलं नव्हतं. सभा उठल्यावर तो लंगडत थर्झापाशी आला.

"दोन आठवडे तग धरील असं वाटलं होतं मला," तो म्हणाला. "ऐंशी वर्षं उभा होता तो पूल, थर्झा. दोन आठवडे म्हणजे काय?"

"हे मला नको सांगूस."

तो वळून मार्सेलीनकडे गेला. बायका बाजूला सरल्या. एल्डननं खिशातून पंचांच्या कचेरीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्यापुढे धरला. पंचपदाचा राजीनामा त्यानं सकाळीच दिला होता, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

"घे. जिंकलीस तू."

मार्सेलीननं किल्ल्यांना हात लावला नाही.

"सभेच्या चिटणिसाकडे दे त्या," ती म्हणाली. "आम्ही खुर्ची मागितली नव्हती, एल्डन. पूल मागितला होता."

बाहेर येऊन तिनं बसचं दार उघडलं आणि आपल्या माणसांना हाका मारायला सुरुवात केली. अंधार पडायच्या आत कड्याचा रस्ता ओलांडायचा होता.